खालच्या पट्टीचा पंचनामा

वीरप्पाला एखादं काम रेटून न्यायचं असलं की तो गोड बोलायला लागायचा, आणि त्या सोमवारी सकाळपासून त्याच्या तोंडातून नुसती साखर गळत होती. धाकट्या भावाला, महांतप्पाला, त्यानं स्वतः हाक मारून शेजारच्या पाटावर बसवलं, गव्हाची गोड खीर, हुग्गी, वाढायला लावली आणि वर तुपाची धार आपल्या हातानं सोडली. उभ्या जन्मात असं कधी झालं नव्हतं. महांतप्पा घास हातात धरून बसला.

"खा की रं महांता," वीरप्पा म्हणाला. "उन्हात उभं ऱ्हायचंय आज. गिरदावरसाहेब तामलवाडीहून निघालेत."

"निघू द्या, अण्णा."

"निघू द्या म्हंजे? तितं काय वाकडंतिकडं बोलणार न्हाईस ना?"

महांतप्पानं मान खाली घातली. समोर त्यांची थोरली बहीण शांताक्का बसली होती. अणदूरहून ती मुद्दाम दोन दिवस आधी येऊन ठेपली होती. भाकरी मोडता मोडता ती थांबली.

"तो कशाला बोलंल? येड लागलंय का त्याला? पोराबाळांचं कल्याण व्हतंय की."

शांताक्काला भावांच्या पोराबाळांचं कल्याण कधीपासून सुचायला लागलं, हे सगळ्या घराला ठाऊक होतं. वीरप्पानं तिच्या पोराला नव्या पेठेतला दुकानाचा एक गाळा कबूल केला होता. गेल्या दिवाळीपर्यंत हीच बाई वीरप्पाचं नाव निघालं की कडाकडा बोटं मोडायची.

प्रकरण तसं साधं होतं, म्हणजे कागदावर साधं होतं. सोलापूरहून तुळजापूरला जाणारा रस्ता रुंद होत होता आणि हिरेवाडीच्या तोंडाशी, रस्त्याला लागून, नवी पेठ वसायची होती. त्या जागेवर दोर वळणाऱ्या मांगांची अकरा घरं होती. ती उठवायची तर कुठंतरी बसवायला हवीत. तेव्हा वीरप्पानं कचेरीत खेटे घालून तोड काढली. आमची ओढ्याकाठची खालची पट्टी घ्या, ती काश्तीच्या कागदातून काढून आबादीत घाला, म्हणजे पिकाची जमीन घरांची होईल. तिथं ही अकरा घरं बसवा आणि बदल्यात पेठेत आम्हांला चार गाळ्यांची जागा द्या. सरकार खूश, गाव खूश, वीरप्पा तर काय विचारूच नका. आज गिरदावर, म्हणजे कचेरीचा जमिनी तपासणारा अंमलदार, येऊन जागा बघणार होता, पंचनामा लिहिणार होता, आणि त्यात एक ओळ यायलाच हवी होती: या जागेत कधी पाणी भरत नाही.

"अण्णा," महांतप्पा हळूच म्हणाला, "ती पाण्याची वाट हाय. म्या तुमाला चारदा सांगितलं."

"कुठलं पाणी? ओढा पलीकडनं जातुया."

"ओढा जातुया. पण हस्ताचा पाऊस लागला तर माळाचं पाणी कुठनं उतरंल? पहिल्यांदा ते पसरून यायचं. आता रस्त्याला पुरुषभर भराव घातलाय. त्याच्याखाली एकच मोरी, आणि मोरीचं तोंड नेमकं आपल्या पट्टीवर. पेठेच्या मागनं भिंत आली की दुसरीकडची वाट बी बंद. सगळं पाणी एका जागी येणार."

"मोरी इंजनेर लोकांनी बसवलीया. त्यांच्यापरीस तुला लई कळतं?"

"ते वैशाखात आले हुते, अण्णा."

वीरप्पा हसला. पण आता त्या हसण्यातली साखर संपली होती. "बरं, पाणी येतंय म्हण. मग आपल्या वीरभद्रदादाची समाधी कशी ऱ्हायली? तीस वरसं व्हत आली. एक चिरा हललाय का तिचा? सांग की."

महांतप्पानं पाण्याचा तांब्या उचलला आणि तोंडाला लावला. सांगण्यासारखं त्याच्याकडं होतं. तेच तर त्याच्या छातीवर अठ्ठावीस वर्षं धोंड्यासारखं बसलं होतं.

हात धुवायला तो परसात गेला तर महानंदा, त्याची बायको, पाण्याची घागर घेऊन उभीच. तिनं आतलं सगळं ऐकलं होतं. ऐकलं नसतं तरच नवल.

"तुमाला काय झालंय?" ती खालच्या आवाजात म्हणाली. "चारातला एक गाळा आपल्या जावयाला मिळतोय. पोरगी डोळ्यांसमोर ऱ्हाईल. जन्मात एकदा भाऊजींनी आपल्याला काय देऊ केलंय, आणि तुमी मोरी मोरी करत बसलाय."

"तितं माणसं मरतील, महानंदा."

"कोण म्हणतं? तुमी सोडून कोण म्हणतं?" तिनं पाणी ओतलं. "आजच्या दिवस गप ऱ्हावा. माझी शपथ हाय तुमाला."

शपथ! महांतप्पाला हसू आलं आणि रडूही आलं. एका शपथेनं त्याचं तोंड शिवलं होतं, त्यावर ही दुसरी.

ती पहिली शपथ प्लेगच्या सालातली. वीरभद्र हा भावंडांतला सगळ्यांत थोरला, तेविसाव्या वर्षी पान लागून, म्हणजे साप चावून, गेला. पट्टीतल्या बाभळीखाली त्याला त्यांच्या लिंगायत रीतीप्रमाणं खड्ड्यात बसवला, हातात लिंग दिलं, विभूती आणि बेलाची पानं घातली आणि वर मातीचा ओटा केला. दोन वर्षांनी प्लेग आला. सगळं गाव घरं सोडून वरच्या माळावर झोपड्यांत राहायला गेलं. वीरप्पा तेव्हा सोलापुरात एका कापडवाल्याच्या दुकानी होता, शांताक्का सासरी. हस्ताचा पाऊस तीन दिवस लागून राहिला. चौथ्या दिवशी उघडीप झाली तेव्हा त्यांचा बाप, अप्पा, आणि एकोणीस वर्षांचा महांतप्पा पीक बघायला खाली उतरले. गावात चिटपाखरू नव्हतं. पट्टीत पीकही नव्हतं. सगळीकडं गाळ, बाभळीच्या फांद्यांत अडकलेला कडबा, आणि ओट्याच्या जागी माणूस उभा मावेल एवढा खड्डा. तो रिकामा होता.

दोघांनी दोन दिवस ओढ्याची कड पालथी घातली. काही सापडलं नाही. तिसऱ्या दिवशी अप्पानं खड्डा बुजवला, गाडीभर चिरे आणले, आणि गाव माळावरून खाली यायच्या आत त्या जागेवर चुन्यात बांधलेली, कमरेएवढी उंच समाधी उभी केली. वर छोटा नंदी. मग त्यानं महांतप्पाचा हात धरून त्याच्या गळ्यातल्या लिंगावर ठेवला. "तुझ्या आईला कळता कामा नये. ती जगायची न्हाय."

आईनं, अव्वानं, ती समाधी बघितली आणि नवऱ्याच्या पायांवर डोकं ठेवलं. माझ्या लेकराला तुमी दगडात बसवलंत म्हणाली. तेव्हापासून दर सोमवारी तिचा दिवा चुकला नाही. अप्पा मात्र मरताना म्हणाला, मला पट्टीत नको, मठाच्या माळावर बसवा. सगळ्यांना नवल वाटलं. महांतप्पाला वाटलं नाही.

पाणी भरतं का हे बघायला सरकारी माणसं नेहमी कडक उन्हात येतात. पट्टी भेगाळून गेली होती आणि ढेकळं पायाला भाजत होती. चुन्याच्या रेघा मारून अकरा जागा आखल्या होत्या, आणि प्रत्येक चौकोनात एकेक कुटुंब उभं होतं, अगदी रेघेच्या आत. पोरांना रेघ पुसू नका म्हणून दम दिलेला दिसत होता, कारण पोरंही हलत नव्हती.

दगडाबाई त्या वस्तीत सगळ्यांत वडीलधारी. तिच्या हाताला दोर वळून वळून घट्टे पडले होते. महांतप्पा मुद्दाम तिच्या रेघेजवळ गेला.

"दगडाबाई, ही जागा घेऊ नगंस. पाणी येतंय हितं."

"कवा येतंय?" तिनं विचारलं.

"येतंय कवातरी. मोठ्या पावसात."

"कवातरी." ती हसली, पण रागानं नाही. "सावकार, आमच्या म्हाताऱ्यानं चार येळा झोपडी बदलली. कवा पाटील म्हणला उठ, कवा गुरं म्हणली उठ. आता पटवारी म्हणतो, माझं नाव कागदावर येणार. दगडाबाई म्हणून. कवातरीच्या पाण्यापायी म्या ते सोडू?"

 तिचं काही चुकत होतं असं महांतप्पाला वाटलं नाही.

तेवढ्यात घोड्यावरून गिरदावर आला. थोराड, घामानं निथळलेला माणूस. डोक्याचा रुमाल काढून तो आधी बाभळीच्या सावलीत बसला. पटवारी राघवेंद्रराव त्याच्यासमोर चौरंग मांडून, दौत उघडून तयारच होते. पंच म्हणून मठाचे अय्या आले होते. वीरप्पानं ताकाचा तांब्या पुढं केला. समाधीशी अव्वा, म्हणजे नागम्मा, वाकलेल्या पाठीनं कण्हत बसली होती. तिनं वाळलेली फुलं काढली होती, दगड पुसला होता आणि नंदीला कुंकू लावत होती. समाधी आणि तिच्याभोवतीची दहा पावलं घराच्याच नावावर ठेवायची, ही तिची एवढीच अट वीरप्पानं कबूल केली होती. मेल्यावर तिला तिथंच, लेकाच्या मांडीला मांडी लावून बसायचं होतं.

गिरदावरानं एकदा चहूकडं नजर फिरवली. त्याला परत जायची घाई होती हे कुणालाही कळलं असतं. "जगा तो अच्छी है. पानी-वानी भरता क्या इधर?"

"नाही साहेब," राघवेंद्रराव लिहिता लिहिताच म्हणाले. "ती समाधी बघा. फसली तेराशे पंचवीस सालची. दगड न् दगड जागेवर आहे. पाणी आलं असतं तर राहिली असती का?"

"हौ, बात तो सही है. लिख लो."

"लिहू नका, राघवेंद्रराव."

महांतप्पाला स्वतःचाच आवाज परका वाटला. सगळ्यांच्या माना वळल्या. वीरप्पा पुढं झाला आणि त्याचा दंड धरला, वरून बघणाऱ्याला प्रेमानं धरल्यासारखा.

"महांता, घरला जा. ऊन लागलंय तुला."

"पाणी येतंय, साहेब," महांतप्पा म्हणाला. "म्या डोळ्यांनी बघितलंय. प्लेगच्या साली गाव माळावर असताना. सगळी पट्टी धुऊन गेली हुती."

"और ये?" गिरदावरानं काठीनं समाधीकडं दाखवलं.

इथंवर बोलणं सोपं होतं. महांतप्पानं अव्वाकडं बघितलं. ती कुंकवाचं बोट तसंच धरून त्याच्याकडं बघत होती.  अजून मागं फिरता आलं असतं. ऊन लागलं म्हणून घरी जाता आलं असतं. मग त्याची नजर चुन्याच्या रेघांमध्ये उभ्या असलेल्या पोरांवर गेली.

"ही नंतर बांधलीया," तो म्हणाला. "अप्पांनी आणि म्या. पाण्यानं आधीची नेली. आत कुणी न्हाय."

क्षणभर कुणाला काही कळलंच नाही. मग शांताक्कानं तोंडावर पदर घेतला आणि "अगं बाई गं!" म्हणून किंचाळली. अय्यांनी डोळे मिटून शिव शिव केलं. वीरप्पाचा चेहरा काळाठिक्कर पडला.

"हलकटा!" तो ओरडला. "गाळा तुझ्या नावावर न्हाय म्हणून मेलेल्या भावाला उठवतोस व्हय? साहेब, ह्याचं ऐकू नका. लहानपणापासनं ह्यो माझ्यावर जळतोय. अप्पांनी समाधी बांधली ती लेकरावरच्या मायेनं, सगळ्या गावाला ठाव हाय!"

"मायेनंच बांधली, अण्णा. म्या कुठं न्हाय म्हणतो?"

"मग उकर!" वीरप्पानं बाजूला पडलेली पहार उचलून त्याच्या पायांशी फेकली. "साहेबांसमोर उकर. निघाला रिकामा खड्डा तर सगळी पट्टी तुझी. न्हाय निघाला तर ह्या गावात ऱ्हायचं न्हाय. बोल!"

अय्या मधे पडले. बसवलेल्या माणसाला हात लावायचा नसतो, वीरप्पा, म्हणाले, असं पाप आपल्यात कुणी केलं नाही. वीरप्पालाही ते ठाऊक होतं. म्हणून तर तो एवढ्या छातीठोकपणे पहार फेकू शकला. गिरदावर मात्र आता पुरता वैतागला. मजहबी मामल्यात आपण पडणार नाही, त्यानं साफ सांगितलं. घरचे राजी असले तर उघडा, नसले तर वरती जे दिसतं तेच कागदात येईल. "माँजी क्या बोलते?"

सगळे अव्वाकडं बघायला लागले.

अव्वा उठली. उठायला तिला वेळ लागला, आणि शांताक्का धरायला गेली तर तिनं तिचा हात झटकला. "महांता, हिकडं ये," ती म्हणाली.

तो गेला. तिच्यासमोर मातीत गुडघे टेकून बसला, कारण तिची मान आता वर होत नव्हती.

"माझ्याकडं बघून सांग. माझा वीरभद्र हितं न्हाय?"

"दोन दिवस हुडकलं, अव्वा," महांतप्पा म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्याला भान नव्हतं. "अप्पा चिखलात हातानं चाचपत हुते. बंधाऱ्यापातूर गेलो. न्हाय सापडला दादा."

अव्वानं त्याच्या तोंडाकडं बघितलं. तिचा एक हात समाधीच्या दगडावर होता. मग ओठ न हलवल्यासारखी, त्याच्या एकट्यापुरतं ती म्हणाली, "म्हणून तुझा अप्पा मठाकडं जाऊन बसला व्हय."

तिला पटलं होतं. महांतप्पाला तेवढ्यातही सुटल्यासारखं वाटलं. आता ती सांगेल, उघडा. किंवा उघडायलाही लागणार नाही, आईनंच म्हटल्यावर कोण काय बोलणार?

अव्वानं मान वळवली. "साहेब," ती म्हणाली, आणि तिचा आवाज शेवटच्या चौकोनापर्यंत ऐकू गेला, "माझा ल्योक हितंच हाय. ह्यो खोटं बोलतुया. अंगठा कुठं उठवायचा?"

राघवेंद्ररावांनी कागद पुढं केला. म्हातारीनं शाईनं काळा झालेला अंगठा दाबून धरला, सोडायचं विसरल्यासारखं, शेवटी पटवाऱ्यानंच हळूच कागद ओढून घेतला. वीरप्पानं सही केली. अय्यांनी पंच म्हणून केली. महांतप्पानं करणार नाही म्हणून सांगितलं, त्यावर राघवेंद्रराव म्हणाले की हरकत नाही, पट्टी सामाईक आहे, कर्त्याची पुरते. आणि ती ओळ कागदावर गेली.

जाताना गिरदावर वस्तीकडं वळून म्हणाला, आठ दिवसांत रस्त्याकडची जागा मोकळी करा.  मग वीरप्पा त्याला घेऊन पाराकडं चहाला गेला. शांताक्का अव्वाला धरून निघाली. महांतप्पा मधे आला, नेहमीसारखा हात पुढं करून, तर अव्वा थांबली.

"बापाला दिलेली शपथ मोडलीस," ती म्हणाली. "आणि ह्या वयात माझ्या तोंडनं खोटं वदवलंस. आता मला कुठं बसवशील, महांता? सांग की."

"अव्वा, ह्या माणसांचा जीव..."

"माझा बी एक जीवच हुता की रं."

ती गेली. बांधावर महानंदा उभी होती. तिनं नवऱ्याकडं एकदाही न बघता सासूचा दुसरा हात धरला. तिघी बायका भेगाळलेल्या पट्टीतून हळूहळू वर चढून गेल्या. महांतप्पाला वाटलं, सगळं गमावलं आणि हाती धुपाटणंही राहिलं नाही. बाभळीला टेकून तो बसला. रागावायचं तरी कुणावर? आईवर रागावता येईना.

सावली जरा लांबली तेव्हा दगडाबाई त्याच्याजवळ आली आणि चार हात अंतर सोडून उकिडवी बसली.

"सावकार, तुमच्या आई खोटं बोलल्या ना?"

त्यानं मान हलवली.

"वाटलंच मला. आई हाय म्या बी." तिनं पायापुढचं ढेकूळ बाजूला सारलं. "मघाशी तुमी पाणी म्हणला तवा मला वाटलं, जमीन सुटंना म्हणून बोलताय. पण आईच्या तोंडावर कोण असं खोटं बोलंल? किती हुतं पाणी?"

"बाभळीत कडबा अडकला हुता, त्यावरनं कळलं." महांतप्पानं आपल्या छातीवर हात ठेवला. "हितवर. आणि तवा ह्यो भराव नव्हता."

"म्हंजे आता जास्तीच येणार."

"जास्तीच येणार. हितं बांधू नका, दगडाबाई. पाया पडतो तुझ्या."

"पाया नका पडू. कुठं बांधू ते सांगा."

"कुठंबी बांधा."

"कुठंबी म्हंजे कुठं, सावकार? आमाला कुठंबी कोण बसू देतंय?" तिनं मान वळवून वर बघितलं. "तुमच्या वाटणीचं ते रान हाय की, विहिरीच्या अंगाचं. उंच हाय. कितीबी पाऊस पडला तरी तितं पाणी थांबायचं न्हाय. पट्टीच्या ऐवजी ते लिवा म्हणावं. वीस घरं बसतील तितं. साहेब अजून पारावर चहा पितोय, म्या पळत जाऊन थांबवते त्याला. तुमी नुसतं व्हय म्हणा."

साधं होतं. खरंच एवढं साधं होतं. जमीन त्याची होती, कुणाला विचारायला नको होतं, आणि सगळं खरं ठरलं असतं. पण महांतप्पाच्या डोळ्यांपुढं ती विहीर आली. रोज पहाटे महानंदा सोवळ्यानं जिथलं पाणी काढायची, ज्या पाण्यानं सगळं घर लिंगपूजा करायचं, ती विहीर. तिच्या काठावर त्याला अकरा घरांच्या घागरी दिसल्या.  स्वतःची त्याला अशी लाज वाटली की वाटलं, तोंड लपवावं. पण तोंडातून व्हय निघेना.

"ती पूजेच्या पाण्याची विहीर हाय, दगडाबाई," तो म्हणाला.

तिनं त्याच्याकडं बघितलं. चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं.

"बरं," ती म्हणाली. उठली, कमरेला गुंडाळलेला नवा दोर सोडला आणि त्याचं एक टोक जमिनीवर पायाखाली दाबून धरलं. "मग जरा उभं ऱ्हावा."

"कशाला?"

"हितवर म्हणलात न्हवं? माप घेते. एवढं उंच जोतं आमच्यानं व्हायचं न्हाय. पण पोरांना वर चढवायला माळा किती उंच बांधायचा, ते तरी कळंल."

महांतप्पा उभा राहिला. तिनं दोर त्याच्या अंगाला न शिवता, चार बोटं लांब धरून वर नेला, आणि छातीच्या समोर आल्यावर तिथं गाठ मारायला लागली.

"हलू नका, सावकार," दगडाबाई म्हणाली.